धास्ती, सति आणि मेंदूचा आलेख : तापी खोऱ्यातील लोहमार्गावरून एक इतिहास

१

सुरतेहून भुसावळकडे येणारी गाडी नवापूरला थांबते तेव्हा तिचे काही डबे गुजरातेत आणि काही महाराष्ट्रात उभे असतात. राज्यांची हद्द फलाटावरूनच गेलेली आहे. तेथल्या उद्घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांतून होतात. ज्या लोकांच्या गावांतून ही गाडी जाते त्या मावची, कोकणी आणि भिल्ल समाजांच्या घरची बोली या चारांत नाही. नवापूर सोडून नंदुरबारच्या दिशेने निघाले की याच मार्गावर चिंचपाडा हे लहान स्थानक लागते. बाहेरच्या माणसाला हे गाव माहीत असलेच तर तेथल्या मिशनच्या रुग्णालयामुळे. चिंचपाड्याचा जो मुलगा किंवा जी मुलगी महाविद्यालयात जाते तिला घरात एक, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी आणि विज्ञानाच्या वर्गात चौथी भाषा लागते. परीक्षेची उत्तरपत्रिका ती यांपैकी स्वतःपासून सर्वांत दूर असलेल्या भाषेत लिहिते.

या लेखाचा विषय म्हणजे त्या उत्तरपत्रिकेसमोर वाटणारी धास्ती आणि तिच्यावरचे दोन उपाय. आजच्या मानसशास्त्राने या उपायांना 'माइंडफुलनेस' आणि 'न्यूरोफीडबॅक' अशी नावे दिली आहेत. पहिला उपाय श्वासाकडे व मनात उठणाऱ्या विचारांकडे शांतपणे पाहायला शिकवतो. दुसऱ्यात डोक्याला तारा लावून मेंदूतील विद्युत्लहरी पडद्यावर दाखवतात आणि त्या हव्या तशा वळवण्याचा सराव करून घेतात. महाविद्यालयातील अल्पसंख्य समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी हे उपाय योजावेत असा विचार गेल्या काही वर्षांत, विशेषतः अमेरिकेत, पुढे आला आहे. आम्ही साहित्याचे अभ्यासक आहोत, वैद्यकाचे नाही. तरीही या विषयाकडे वळण्यास आम्हांला दोन कारणे वाटतात. पहिले कारण असे की, या दोन्ही उपायांच्या इतिहासातील काही महत्त्वाचे दुवे आपल्याच मुलखात आहेत आणि त्यांतले एक-दोन तर चिंचपाड्यावरून जाणाऱ्या याच लोहमार्गावर आहेत. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. हा मूलतः शब्दांच्या अर्थाचा प्रश्न आहे, आणि शब्दांचे अर्थ पाहणे हे तर आपले कामच.

२

प्रथम 'अल्पसंख्य' हा शब्द पाहू. २०११च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. म्हणजे संख्येने पाहता येथे आदिवासी बहुसंख्य आहेत. त्याच जनगणनेत राज्याची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती, तर नंदुरबारची ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. येथला विद्यार्थी जन्माने अल्पसंख्य नसतो. शिक्षणाच्या एकेक पायरीवर तो अल्पसंख्य होत जातो. पाड्यावर सगळे त्याच्यासारखे असतात, तालुक्याच्या महाविद्यालयात थोडे कमी, जळगाव-नाशिक-पुण्याला गेल्यावर त्याहून कमी, आणि पदव्युत्तर वर्गात कदाचित तो एकटाच.

या प्रवासात भाषेचा भाग मोठा आहे. जॉर्ज ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा जो भाग १९०७ साली निघाला, त्यात भिल्ली भाषांची स्वतंत्र नोंद आहे आणि मावचीही तिच्यात आहे. पुढे १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे हे कलम सांगते. म्हणजे मावचीची नोंद होऊन शतक उलटले आहे आणि घटनेतील कलमालाही सात दशके होत आली आहेत. एवढ्या काळात पाड्यावरच्या मुलाला पहिल्याच वर्षी परक्या वाटणाऱ्या प्रमाण मराठीत उत्तर देता आले नाही, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'मुलाला येत नाही' असा लावला गेला. 'मुलाला या भाषेत येत नाही' असे म्हणणारे शिक्षक होते, आजही आहेत, पण ते थोडे. येत असूनही न बोलण्याची सवय येथे लागते. तोंडी परीक्षेला समोर बसलेला विद्यार्थी उत्तर जाणतो, ओठ हलवतो आणि गप्प होतो, हे दृश्य शिकवणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले आहे.

या धास्तीचा शास्त्रीय अभ्यास १९५२ साली जॉर्ज मँडलर आणि सीमोर सॅरॅसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी सुरू केला असे मानतात. पुढे १९६७ साली लीबर्ट आणि मॉरिस यांनी तिचे दोन घटक वेगळे केले. शरीराची खळबळ हा पहिला : छाती धडधडते, हातपाय गळतात, तळहाताला घाम येतो. 'आपण नापास होणार, लोक काय म्हणतील' ही मनातली अखंड काळजी हा दुसरा. मार्कांवर अधिक आघात करते ती ही काळजी, असे अभ्यासकांचे मत झाले. उत्तर आठवायला जी जागा लागते तीच जागा काळजी अडवून बसते. हे वर्गीकरण लक्षात ठेवायला हवे, कारण पुढील दोन्ही उपायांचा दावा या दोन घटकांवरच आहे.

३

आता उपायांकडे वळू. लोहमार्ग पूर्वेकडे जातो तसे नंदुरबार, दोंडाईचा मागे पडून अमळनेर येते. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात हे गाव म्हणजे खानदेशातले विद्येचे एक अजब केंद्र होते. गिरणीमालक प्रताप शेठ यांनी १९१६ साली येथे तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. येथल्याच राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद जगन्नाथ गणेश गुणे नावाच्या एका तरुणाने सांभाळले. बडोद्याला माणिकरावांकडे व्यायामाचे आणि माळसरच्या माधवदासजींकडे योगाचे शिक्षण घेतलेले हे गुणे पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्ध झाले. योगक्रियांनी शरीरात नेमके काय घडते हे यंत्राने मोजता येईल का, हा त्यांचा प्रश्न. बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांची क्ष-किरणांनी परीक्षा केली, आणि १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था काढून 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले.

योगायोगाची गोष्ट अशी की, त्याच १९२४ साली जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने माणसाच्या डोक्यावरून मेंदूतील विद्युत्लहरींची पहिली नोंद मिळवली. ती त्याने पाच वर्षे जपून ठेवली आणि १९२९ साली प्रसिद्ध केली. आज ज्याला आपण ईईजी म्हणतो त्याचा हा आरंभ. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला सुमारे दहा आवर्तनांची जी लय दिसते तिला बर्गरने 'अल्फा' हे नाव दिले.

लोणावळ्याचा प्रश्न आणि येनाचे यंत्र यांची गाठ पडायला आणखी तीस वर्षे लागली. १९५५ साली दास आणि गास्तो यांनी योग्यांच्या मेंदूलहरींवरचा निबंध प्रसिद्ध केला. १९५७ साली वेंगर आणि बागची हे दोघे यंत्रे घेऊन भारतभर योग्यांच्या शोधात हिंडले. १९६१ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी आपली निरीक्षणे मांडली. ध्यानात बसलेल्या योग्याजवळ प्रखर प्रकाश पाडला, आवाज केला, तापलेली काचनळी त्वचेला लावली, तरी आलेखातली अल्फा लय ढळली नाही, असे त्यांना आढळले. बाहेरचे जग आत पोहोचत असूनही आतील लय न मोडणे, अशी शांततेची नवी व्याख्या आता कागदाच्या पट्टीवर उमटली होती.

याच सुमारास शिकागोत जो कामिया या संशोधकाने प्रश्न उलटा करून विचारला. योग्याला वर्षानुवर्षांच्या साधनेने जे जमते ते साध्या माणसाला यंत्राच्या मदतीने शिकवता येईल का? मेंदूत अल्फा लय आली की सूर वाजेल अशी योजना त्याने केली, आणि माणसे ती लय हवी तेव्हा आणायला शिकतात असे दाखवले. १९६०च्या दशकातच लॉस एंजेलिसमध्ये बॅरी स्टर्मनने मांजरांना बक्षीस देऊन विशिष्ट मेंदूलय वाढवायला शिकवले. पुढे एका विषारी इंधनद्रव्याच्या प्रयोगात तीच मांजरे आकडीला अधिक काळ तोंड देताना दिसली. न्यूरोफीडबॅकची परंपरा येथून चालू होते. आज विद्यार्थी खुर्चीत बसतो, त्याच्या टाळूवरच्या विद्युदग्रांतून काही मायक्रोव्होल्टचा क्षीण विद्युत्संकेत यंत्रात जातो, आणि मेंदूलहरी ठरवलेल्या पट्ट्यात आल्या की पडद्यावरचे चित्र पुढे सरकते किंवा सुखद सूर वाजतो. अशा वीस-चाळीस बैठका होतात. पाळीव जनावराला शाबासकी देऊन शिकवण्याचे तत्त्व आणि योग्याच्या निश्चलतेचे आकर्षण अशा दोन गोष्टी या पद्धतीत एकत्र आल्या आहेत.

४

दुसऱ्या उपायाची कथा शब्दापासूनच सुरू होते. 'माइंडफुलनेस' हे पाली 'सति' या शब्दाचे भाषांतर. टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी बौद्ध सुत्तांच्या १८८१ सालच्या आपल्या अनुवादात ते रूढ केले. 'सति' म्हणजे संस्कृत 'स्मृती', आणि तिचा मूळ अर्थ आठवण. 'मिलिंदपञ्हा'त राजा मिलिंद नागसेनाला सतीचे लक्षण विचारतो तेव्हा नागसेन राजाच्या भांडारपालाचा दाखला देतो. हा भांडारपाल सकाळ-संध्याकाळ राजाला त्याच्या संपत्तीची आठवण करून देतो. आपल्यापाशी काय आहे, काय हितकारक आणि काय अहितकारक, याचे विस्मरण होऊ न देणे म्हणजे सति. नुसते 'या क्षणात राहणे' हा या शब्दाचा पुढे आकुंचित झालेला अर्थ आहे.

मराठीत या परंपरेचा परिचय करून देणारे थोर नाव धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातील सांखवाळचा हा मुलगा, शालेय शिक्षण अगदी थोडे, घरची भाषा कोकणी. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धाचे चरित्र वाचून त्याच्या मनाने घेतले, आणि तो पुणे, काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश असा हिंडून पालीचा पंडित झाला. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्याने पाली शिकवली आणि हार्वर्डला 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनाचे काम केले. त्याचे आत्मकथन 'निवेदन' हेही १९२४ सालचेच. परीक्षापद्धतीच्या बाहेर राहूनच ज्याची विद्या फुलली अशा माणसाचे उदाहरण परीक्षेच्या धास्तीवरील लेखात यावे, हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते.

कोसंबींनंतरचा टप्पा डॉ. आंबेडकरांचा. १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले. त्याला पुढे मिलिंदाचे नाव देण्यात आले. घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलांच्या संस्थेला अशा राजाचे नाव मिळाले, ज्याची कीर्ती प्रश्न विचारण्यासाठी आहे. निवड म्हणून ही किती विचारपूर्वक होती! भिक्षूपुढे राजा नम्र होतो, पण प्रश्न विचारायला भीत नाही. विद्यार्थ्याची निर्भयता म्हणजे काय, हे त्या एका नावात सांगून झाले आहे.

सति पुन्हा भारतात आली ती ब्रह्मदेशमार्गे. स. ना. गोएंका १९६९ साली रंगूनहून आले आणि १९७६पासून इगतपुरीच्या धम्मगिरीत विपश्यनेची शिबिरे भरू लागली. १९७९ साली अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट वेदनेच्या रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला, आणि सति धर्माच्या चौकटीतून निघून दवाखान्यात आली. तेथून ती शाळेत गेली. महाराष्ट्र शासनाने विपश्यना विशोधन विन्यासाच्या सहकार्याने 'मित्र उपक्रम' हाती घेऊन शाळकरी मुलांना आनापान, म्हणजे श्वासाच्या येण्याजाण्याकडे काही मिनिटे पाहणे, शिकवण्याची योजना आखली. त्यामुळे हा उपाय परदेशातून येण्याची वाट आपल्याला पाहावी लागली नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेतल्या शिक्षकालाही 'आनापान' हा शब्द अनोळखी नाही.

५

तर हे दोन उपाय चालतात का? इतिहासाचे प्रेम उत्तराच्या आड येऊ देणे बरे नव्हे.

न्यूरोफीडबॅकची खरी कसोटी म्हणजे तोतया उपचाराशी तुलना, म्हणजे एका गटाला स्वतःच्या मेंदूलहरी दाखवायच्या आणि दुसऱ्या गटाला, त्यांच्या नकळत, दुसऱ्याच कोणाच्या. एकाग्रतेचा अभाव असलेल्या मुलांवरची अशी एक मोठी चाचणी अमेरिकेत झाली व २०२१ साली तिचे निष्कर्ष आले. दोन्ही गटांत सुधारणा दिसली, पण खऱ्या उपचाराचा गट तोतया गटाहून सरस ठरला नाही. म्हणजे सुधारणेचे श्रेय लहरींपेक्षा इतर गोष्टींना द्यावे लागते. कोणीतरी आठवड्यातून अनेकदा मुलाला वेळ देते, त्याच्याकडे लक्ष पुरवते, 'तुला जमेल' असे म्हणते. यंत्र महाग असते, ही साथ स्वस्त असते, आणि गुण बहुधा साथीचाच येतो.

सजगतेच्या बाबतीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासांत चिंता काही प्रमाणात उतरल्याचे दिसते. स्वेच्छेने आलेल्या, नियमित सराव करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग होतो, हे मानायला हरकत नाही. परंतु ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर केलेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, सगळ्या वर्गाला सरसकट दिलेले सजगतेचे धडे नेहमीच्या भावनिक शिक्षणाहून सरस ठरले नाहीत. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. सक्तीची शांतता मनात उतरत नाही, ही गोष्ट आपल्या शाळांतील 'सावधान-विश्राम' ऐकत मोठ्या झालेल्या कोणालाही प्रयोगाविना सांगता आली असती.

याहून मूलगामी प्रश्न धास्तीच्या उगमाचा. १९९५ साली क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरन्सन यांनी दाखवले की, 'ही बुद्धीची परीक्षा आहे' असे सांगितल्यावर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण घसरतात. तीच प्रश्नपत्रिका वेगळ्या नावाने दिली की घसरण आटोक्यात येते. पुढच्या काळातील पडताळ्यांत हा परिणाम काहीसा लहान भरला, हेही नोंदवले पाहिजे. आपल्याकडचा दाखला कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांचा, २००६ साली प्रसिद्ध झालेला. उत्तर प्रदेशातील ६४२ मुलांना त्यांनी कागदावरच्या भुलभुलैयातून वाट काढायला दिली. मुलांची जात कोणी उच्चारली नाही तेव्हा 'वरच्या' आणि 'खालच्या' जातींच्या मुलांत लक्षणीय अंतर पडले नाही. सर्वांसमोर नाव आणि जात वाचून दाखवताच 'खालच्या' जातींची मुले मागे पडली. भुलभुलैया तोच होता, मुलेही तशीच होती. बदलले होते ते खोलीतले वातावरण. तेव्हा ईईजीच्या पट्टीवर त्या क्षणी जी खळबळ उमटली असती तिला 'मुलाच्या मेंदूतील दोष' म्हणणे कितपत योग्य?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी या पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. त्या जळगावच्या, तडवी भिल्ल समाजातल्या, म्हणजे जमातीने आदिवासी आणि धर्माने मुसलमान, अशा दुहेरी अर्थाने अल्पसंख्य. जातीय छळाचा आरोप त्यांच्या कुटुंबाने केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. त्याच वर्षी त्यांच्या आईने आणि रोहित वेमुलाच्या आईने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. उच्च शिक्षणसंस्थांतील भेदभाव रोखणाऱ्या तरतुदींची अंमलबजावणी व्हावी, ही तिच्यातली मागणी होती. या दोन मातांनी मुलांची मने शांत करण्याची विद्या मागितली नाही. मुलांना शांत राहता येईल अशा संस्था त्यांनी मागितल्या. आमच्या मते या सबंध विषयाचे मर्म या मागणीत आहे.

६

मग उपाय टाकून द्यावेत काय? तसे आम्ही म्हणत नाही. ज्याची उद्या सकाळी परीक्षा आहे त्याला 'व्यवस्था बदलल्यावर तुझी छाती धडधडणे थांबेल' असे सांगणे हा क्रूरपणाच. त्याला आज रात्री झोप हवी आहे, आणि दहा मिनिटे श्वासाकडे पाहून ती लागत असेल तर ती विद्या त्याला मिळालीच पाहिजे, आणि शक्य तर तिच्या सूचना त्याच्या घरच्या बोलीत मिळाव्यात. शरीराची खळबळ अशाने उतरते. प्रश्न उरतो तो दुसऱ्या घटकाचा, म्हणजे काळजीचा. 'आपण येथले नव्हे' ही काळजी श्वास मोजून जात नाही, कारण ती पुष्कळदा खरी असते.

या काळजीवर एक उपाय साहित्याच्या अंगाने सापडलेला आहे. २०११ साली ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी नव्या विद्यार्थ्यांना आधीच्या विद्यार्थ्यांची निवेदने वाचायला दिली. 'मलाही पहिल्या वर्षी परके वाटले, हळूहळू ते ओसरले' असा त्यांचा आशय होता. मग प्रत्येकाला स्वतःचा अनुभव त्याच धर्तीवर लिहायला सांगितले. तासाभराचे एवढेच काम, पण पुढील तीन वर्षे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढलेले दिसले. २०२३ साली हाच प्रयोग बावीस संस्थांतील सुमारे सत्तावीस हजार विद्यार्थ्यांवर झाला तेव्हा एक मोलाची पुरवणी मिळाली. ज्या संस्थेत अशा विद्यार्थ्यांना खरोखरच सामावून घेतले जाण्याची संधी होती तेथेच त्या वाचन-लेखनाचा गुण आला. जेथे तशी संधी नव्हती तेथे गोड गोष्टी वाचून काही झाले नाही. 'तू आमचा आहेस' हे वाक्य आधी खरे असावे लागते.

आता पुन्हा अमळनेरला जाऊ. १९२४ सालीच, म्हणजे बर्गर आणि कुवलयानंद यांच्या त्या वर्षी, पांडुरंग सदाशिव साने या तरुण शिक्षकाने येथल्या प्रताप हायस्कुलात नोकरी धरली. छात्रालयाची जबाबदारी आल्यावर त्यांनी मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक चालवले. रोजच्या रोज हाताने लिहायचे आणि मुलांनी वाचायचे. घरापासून दूर आलेल्या मुलांना कोणीतरी रोज उद्देशून लिहिते आहे, ही जाणीव त्या पानांनी दिली. सानेगुरुजींना कोणी मानसोपचारक म्हणणार नाही. तरीही वॉल्टन-कोहेन यांचा तासाभराचा प्रयोग आणि हे दैनिक यांतले नाते उघड आहे.

याच मार्गावर पुढे धरणगाव येते. १८२५ साली आउट्रमने भिल्ल पलटण उभारली तिचे ठाणे येथे होते. इंग्रजी सत्तेने भिल्लांना जे पहिले मोठे संघटित 'शिक्षण' दिले ते कवायतीचे, ज्यात लक्ष देणे म्हणजे हुकूम झेलणे. त्यापुढे जळगाव, जेथल्या विद्यापीठाला २०१८पासून बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. लिहितावाचता न येणाऱ्या आणि कोणतीही परीक्षा न दिलेल्या बाईचे नाव आज हजारो विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेवर छापले जाते. मनाच्या चंचलतेवरची मराठीतील बहुधा सर्वांत लोकप्रिय कविता तिचीच. तीही तिच्या बोलीत, प्रमाण मराठीत नाही. हा विरोधाभास वर्गात एकदा तरी बोलून दाखवायला हवा. बोलीत विचार करणारे मन उणे नसते, याचा याहून चांगला पुरावा खानदेशातल्या विद्यार्थ्याला आपण कोणता देणार?

आपल्या भाषेत लक्ष देण्याला 'अवधान' म्हणतात. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे ते मागितले आहे. मागितले आहे, फर्मावलेले नाही. अवधान ही श्रोत्याच्या मेंदूत बंदिस्त असलेली वस्तू नव्हे. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये ते घडते, आणि ते घडवण्याची पहिली जबाबदारी बोलणाऱ्याची. शहाद्याकडचे कवी वाहरू सोनवणे यांच्या 'स्टेज' या कवितेचा विषय नेमका येथे येतो. व्यासपीठावर कोण चढतो आणि कोणाचे दुःख कोण सांगतो, हा त्यांचा प्रश्न आहे. आदिवासी विद्यार्थ्याच्या धास्तीवर परिसंवाद होतात. त्यात तो विद्यार्थी कोठे बसलेला असतो, हे प्रत्येक आयोजकाने एकदा पाहावे.

'सति'चा मूळ अर्थ आठवण, हे वर आलेच आहे. त्या अर्थाने पाहिले तर सतीची गरज विद्यार्थ्यापेक्षा संस्थेला अधिक आहे. पाड्यावरचे मूल कोणती भाषा घेऊन वर्गात येते, त्याच्या भाषेची नोंद १९०७ साली झाली होती, १९५६ साली त्याला काय वचन दिले होते, २०१९ साली काय घडले, यांची आठवण सकाळ-संध्याकाळ करून देणारा नागसेनाच्या दाखल्यातला भांडारपाल आज आपल्या महाविद्यालयांत कोण आहे? आमच्या मते ते काम भाषा-साहित्याच्या शिक्षकाचे. त्याला ना यंत्र लागते ना अनुदान. तोंडी परीक्षेत समोरचा विद्यार्थी गप्प झाला तर पुढचा प्रश्न फेकण्याआधी थोडे थांबावे, आणि 'तुझ्या भाषेत सांग, आपण दोघे मिळून मराठीत आणू' असे म्हणून पाहावे. त्या क्षणी त्याच्या मेंदूचा आलेख कसा हलतो हे आपल्याला दिसणार नाही. पण तो बोलू लागला, तर ऐकू येईल.